‘आपला माणूस’ म्हणून हात वर करण्याआधी

अमेरिकेत मत देणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

२०२८ च्या नोव्हेंबरात इथे निवडणूक होईल आणि २० जानेवारी २०२९ ला दुपारी बारा वाजता नवा अध्यक्ष सूत्रं हाती घेईल. तो कोण असेल ते आज कुणालाच माहीत नाही, आणि या पत्रापुरता त्याचा पक्षही मला महत्त्वाचा वाटत नाही. मला लिहायचंय ते मधल्या अडीच महिन्यांबद्दल. त्या दिवसांत एकेक नाव बाहेर येऊ लागतं. अर्थखात्याला हे, संरक्षणाला ते. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढे काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. नाव भारतीय वळणाचं असलं की हार, फुलं, तिरंगा आणि ‘अभिमानास्पद!’ आपल्या आवडत्या पक्षाचं असलं की ‘जबरदस्त निवड’. दुसऱ्या पक्षाचं असलं की देश बुडाला. सिनेटमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, त्या नावाची सुनावणी सुरू व्हायच्या आधीच आपला निकाल लागलेला असतो, आणि सुनावणी तर आपल्यातलं फारसं कुणी बघतही नाही.

मी बघते. सुट्टी टाकून बघते. त्याचं कारण माझ्या नोकरीत आहे.

गेली १७ वर्षं मी न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांची कागदपत्रं तपासते. इथे या कामाला क्रेडेन्शियलिंग म्हणतात. नवीन डॉक्टर रुजू होण्याआधी त्याची पदवी, परवाना, आधीच्या नोकऱ्या, त्याच्यावर झालेले दावे, सगळं पडताळून घ्यायचं. पहिल्याच आठवड्यात मला दोन गोष्टी शिकवल्या गेल्या. एक म्हणजे कागद त्या माणसाच्या हातून घ्यायचा नाही, तो जिथून निघाला तिथून मागवायचा. पदवी विद्यापीठाकडून, परवाना राज्याच्या मंडळाकडून. दुसरी म्हणजे कामाच्या इतिहासात मोकळे महिने दिसले की विचारायचं. बहुतेक वेळा बाळंतपण असतं, आईचं आजारपण असतं. कधीतरी वेगळंच काही निघतं. विचारण्यात कुणाचा अपमान नसतो.

एकदा आमच्याकडून हे झालं नाही. एका सर्जनची फाईल आली. आमच्याच एका ज्येष्ठ डॉक्टरांचे ते जुने सहकारी. फाईलमध्ये आठ महिन्यांचा हिशेब लागत नव्हता. मी त्या तारखांभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि विचारणा पाठवायच्या तयारीत होते. वरून निरोप आला की माणूस आपला आहे, खात्रीचा आहे, फाईल अडवू नका. मी तो गोल खोडला आणि फाईल पुढे सरकवली. वर्षभरानं कळलं, त्या आठ महिन्यांत दुसऱ्या राज्यातल्या हॉस्पिटलमध्ये त्यांची चौकशी चालू होती आणि ती पूर्ण व्हायच्या आत ते तिथून बाहेर पडले होते. तोवर आमच्याकडे त्यांच्या हातून कितीतरी ऑपरेशनं झाली होती. तो कागद मी नंतर पुन्हा काढून पाहिला. उजेडासमोर धरला की पुसलेला गोल अजून दिसतो.

हेच, अगदी हेच, अमेरिकेच्या सिनेटनं १९२१ साली केलं होतं.

वॉरन हार्डिंग सिनेटमधून थेट अध्यक्षपदावर गेले. तेव्हा शपथविधी ४ मार्चला व्हायचा. त्याच दिवशी हार्डिंग स्वतः सिनेटच्या सभागृहात आले आणि मंत्रिमंडळाची नावं त्यांनी जुन्या सहकाऱ्यांपुढे ठेवली. त्यात न्यू मेक्सिकोचे सिनेटर अल्बर्ट फॉल यांचं नाव इंटिरियर खात्यासाठी होतं. आपल्याकडच्या गृहखात्याशी याची गल्लत करू नका. सरकारी जमिनी आणि त्यांच्या पोटातलं तेल-खनिज हे या खात्याच्या ताब्यात असतं. फॉल म्हणजे सिनेटर मंडळींच्या शेजारच्या बाकावर बसणारा माणूस. त्यांचं नाव समितीकडे गेलंच नाही. बसल्या जागी सगळ्यांनी होकार दिला.

पुढच्या दीड-दोन वर्षांत वायोमिंगमधलं टीपॉट डोम आणि कॅलिफोर्नियातलं एल्क हिल्स हे नौदलासाठी राखून ठेवलेले तेलसाठे फॉल यांनी खुल्या निविदा न काढता दोन तेलवाल्यांना भाडेपट्ट्यानं दिले. त्यातल्या एडवर्ड डोहेनी यांचा मुलगा लहानशा काळ्या बॅगेत एक लाख डॉलर रोख घेऊन फॉल यांच्याकडे गेला होता. मोंटानाचे सिनेटर थॉमस वॉल्श यांनी चिकाटीनं चौकशी चालवली तेव्हा हे सगळं उघड्यावर आलं. १९२९ साली फॉल लाचखोरीत दोषी ठरले आणि १९३१ साली तुरुंगात गेले. मंत्रिपदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले ते अमेरिकेतले पहिले मंत्री.

चौकशीत एक बारीक गोष्ट निघाली, आणि माझ्या कामामुळे माझं लक्ष तिच्यावरच जातं. न्यू मेक्सिकोतल्या फॉल यांच्या रँचचे कर कित्येक वर्षं थकलेले होते, आणि मंत्री झाल्यावर ते भरले गेले. १९२१ साली कुणी एकानं जरी काउंटीच्या कचेरीतून कराची नोंद मागवली असती, तर सरकारी तेलाच्या चाव्या आपण पैशाच्या अडचणीतल्या माणसाच्या हाती देतोय एवढं तरी कळलं असतं. पण सहकाऱ्याची नोंद कोण मागवणार?

हात पोळल्यावर सिनेट सावध झाली. १९२५ साली अध्यक्ष कूलिज यांनी चार्ल्स वॉरन यांना ॲटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचा प्रमुख, करायचं ठरवलं. वॉरन यांचे साखर कंपन्यांच्या मक्तेदारीशी जुने संबंध होते, आणि ॲटर्नी जनरलनं तर मक्तेदारी मोडायची असते. मतं पडली ४० विरुद्ध ४०. बरोबरी झाली की उपाध्यक्षांचं मत निर्णायक ठरतं. पण उपाध्यक्ष डॉज त्या वेळी विलर्ड हॉटेलात दुपारची झोप घेत होते. निरोप गेला, ते टॅक्सी करून धावतपळत आले, तोवर एका सिनेटरनं मत बदललं आणि वॉरन पडले. कूलिज यांनी तेच नाव पुन्हा पाठवलं, सिनेटनं ते पुन्हा नाकारलं. त्या काळी अशी चर्चा सहसा बंद दाराआड व्हायची. १९२९ पासून दारं उघडली. आज आपण घरबसल्या जे पाहू शकतो, त्यासाठी इतका काळ जावा लागला.

महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्याला ही सगळी रीत अनोळखी आहे, हे मी समजू शकते. आपल्याकडे मंत्रिमंडळ म्हणजे खातेवाटप, रुसवेफुगवे, विस्तार कधी आणि कुणाला डावललं. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री नावं देतात, शपथविधी होतो, दुसऱ्या दिवशी मंत्री खुर्चीत. २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे उमेदवाराला मालमत्ता आणि गुन्हे शपथपत्रावर लिहून द्यावे लागतात, पण ते निवडणूक लढवताना. ‘हे खातं तुम्हालाच का?’ असं कुणी समोर बसवून विचारत नाही.

इथे विचारतात. १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिणाऱ्यांनी अध्यक्षाला नाव सुचवायचा अधिकार दिला आणि होकार-नकार सिनेटकडे ठेवला. खाती आज १५ आहेत. प्रत्येक उमेदवाराला स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबून असलेल्या मुलांच्या मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो. हा १९७८ च्या कायद्याचा परिणाम. सरकारी नीतिमत्ता कार्यालय तो तपशील वाचतं, कोणते शेअर विकायचे आणि कोणत्या विषयांपासून लांब राहायचं ते उमेदवाराकडून लिहून घेतं. एफबीआय शेजारीपाजारी, जुने वरिष्ठ, सहकारी यांच्याकडे चौकशी करतं. मग समितीची प्रश्नावली, उघड सुनावणी, लेखी प्रश्न, समितीचं मत, आणि शेवटी पूर्ण सिनेटचं. २०१३ पासून चर्चा संपवून मतदान घ्यायलाही साधं बहुमत पुरतं.

तुमच्यापैकी ज्यांनी नागरिकत्वाचा अर्ज भरलाय त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. आम्ही तो भरला तेव्हा जेवणाच्या टेबलावर चारही पासपोर्ट उघडे पडले होते आणि नवरा शिक्क्यांवरून पुण्याच्या प्रत्येक फेरीचे दिवस मोजत होता. गेल्या पाच वर्षांतला प्रत्येक पत्ता, प्रत्येक नोकरी, कर थकलाय का, पकडले न जाता कधी गुन्हा केलाय का. मी ते सगळं मुकाट्यानं लिहिलं, कारण देशानं विचारावं हे मला रास्त वाटलं. मग ज्याच्या हाती देशाचं सैन्य किंवा देशाची तिजोरी जाणार, त्याच्यासाठी आपण कमी का मागावं?

आणि आपल्या मागण्यानं फरक पडतो. १९९३ च्या जानेवारीत क्लिंटन यांनी झोई बेअर्ड यांचं नाव ॲटर्नी जनरलसाठी पाठवलं. त्यांनी मुलाला सांभाळायला आणि गाडी चालवायला कागदपत्रं नसलेल्या पेरूच्या जोडप्याला ठेवलं होतं, आणि त्यांच्या पगारावरचा सोशल सिक्युरिटीचा कर भरला नव्हता. समितीतली बरीच मंडळी सुरुवातीला हे पोटात घालायला तयार होती. लोक तयार नव्हते. सिनेटर्सच्या कार्यालयांत फोनचा पूर आला. पोरं सांभाळून नोकरी करणाऱ्या, बाईचा पगार कायद्यानं देणाऱ्या बायका फोनवर होत्या. २० जानेवारीला शपथविधी, आणखी दोन दिवसांनी बेअर्ड यांची माघार, असा तो आठवडा गेला.

त्याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर लिहिणं अपुरं राहील. त्यानंतर न्यायाधीश किंबा वूड यांचं नाव पुढे आलं. त्यांनीही सांभाळायला बाई ठेवली होती, पण तेव्हाच्या कायद्यात ते बसत होतं आणि कर भरलेला होता. तरीही भीतीपोटी त्यांचं नाव मागे गेलं. तपासणीचा असा बागुलबुवा झाला की चांगली माणसं हकनाक जातात, आणि मुलांना कोण सांभाळतं हा प्रश्न तोवर किती पुरुषांना विचारला गेला होता, हेही आपण विचारायला हवं.

२००९ साली ओबामांनी टॉम डॅशल यांना आरोग्यखातं द्यायचं ठरवलं. सिनेटमधले माजी बहुमत नेते, सगळ्यांचे मित्र. मुख्यतः गाडी आणि ड्रायव्हर फुकट वापरल्याचा लाखभर डॉलरहून जास्त कर त्यांनी नाव चर्चेत आल्यावर भरला. त्यांना माघार घ्यावी लागली. त्याच सुमाराला टिमथी गाइथनर यांच्याही कराची थकबाकी निघाली, पण बँका कोसळत होत्या, आणि ६० विरुद्ध ३४ मतांनी ते अर्थमंत्री झाले. ज्या खात्याखाली करवसुली येते, तेच खातं! घाई समजते मला. आमच्याकडेही सर्जन तातडीनं हवा होता.

याच्या उलट १९८९ साली सिनेटनं जॉन टॉवर यांना ५३ विरुद्ध ४७ मतांनी नाकारलं. टेक्सासचे माजी सिनेटर, संरक्षण समितीचे माजी अध्यक्ष, सभागृहातले जुने सहकारी. त्यांच्या पिण्याबद्दल आणि शस्त्रकंपन्यांकडून घेतलेल्या सल्ला-फीबद्दल प्रश्न होते. ते वादळी होतं आणि त्यात राजकारणही भरपूर होतं. तरी खातं अडून राहिलं नाही. थोड्याच दिवसांत डिक चेनी यांचं नाव आलं आणि ९२ विरुद्ध ० मतांनी मंजूर झालं. नकार दिला की सरकार ठप्प होतं, असं जे सांगतात त्यांना हे सांगा.

अलीकडचं तर तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. २०२४ च्या निवडणुकीनंतर ट्रम्प यांच्या नव्या चमूनं पार्श्वभूमी तपासणीचा न्यायखात्याशी करायचा करारच ३ डिसेंबरला केला. नावं तोवर भराभर जाहीर झाली होती. मॅट गेट्झ यांचं नाव ॲटर्नी जनरलसाठी १३ नोव्हेंबरला आलं आणि २१ तारखेला मागे गेलं, सुनावणीपर्यंत पोहोचलंही नाही. पीट हेगसेथ ५० विरुद्ध ५० वर उपाध्यक्षांच्या मतानं संरक्षणमंत्री झाले. त्यांच्याच पक्षाच्या तीन सिनेटर्सनी विरोधात मत दिलं. एफबीआयला काय सापडलं, याची माहिती सुनावणीआधी समितीच्या अध्यक्षांना आणि विरोधी पक्षाच्या प्रमुख सदस्याला तेवढीच मिळाली. बाकी सदस्यांनी न बघता प्रश्न विचारले, आणि न बघता मत दिलं.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. एफबीआय ही तपासणी व्हाइट हाउससाठी करतं. कुणाशी बोलायचं, किती खोल जायचं, याची चौकट तिथून येते. एफबीआय निष्कर्ष काढत नाही, जमवलेलं पोहोचवतं. म्हणजे ज्यानं माणूस निवडला, त्याच्याच हातून त्या माणसाचा कागद येतो. माझ्या टेबलावर अशी फाईल आली तर मी ती परत पाठवेन. सिनेटनं आपल्या सगळ्या समिती-सदस्यांना तो अहवाल दाखवल्याशिवाय सुनावणी घेऊ नये, ही मागणी डेमोक्रॅट अध्यक्षाच्या वेळीही करायची आणि रिपब्लिकन अध्यक्षाच्या वेळीही.

पळवाटा आणखी आहेत. सिनेट सुट्टीवर असताना अध्यक्ष परस्पर नेमणूक करू शकतो. घोड्यावरून राजधानी गाठायच्या काळातली ती तरतूद आहे. ओबामांनी २०१२ साली ती ताणून पाहिली आणि २०१४ साली सुप्रीम कोर्टानं एकमतानं त्या नेमणुका रद्द केल्या. २०२४ साली ट्रम्प यांनी निवडून आल्याबरोबर सिनेटच्या नेत्यांकडे हीच सोय मागितली. दुसरी वाट ‘हंगामी’ (ॲक्टिंग) मंत्र्याची. तो होकाराविना साधारण २१० दिवस खुर्ची सांभाळू शकतो, नव्या अध्यक्षाच्या सुरुवातीला तर ३०० दिवस. ही मुदत किती जणांना माहीत आहे?

आता आपल्या नावांबद्दल, कारण मुख्य म्हणजे त्यासाठीच मी मराठीत लिहायला बसले. निकी हेली २०१७ साली ९६ विरुद्ध ४ मतांनी संयुक्त राष्ट्रांत राजदूत झाल्या. नीरा टंडन यांना २०२१ साली जुन्या ट्वीट्समुळे बजेट कार्यालयाच्या प्रमुखपदासाठीचं नाव मागे घ्यावं लागलं. पहिल्या वेळी आपण पेढे वाटले, दुसऱ्या वेळी ‘आपली म्हणून पाडली’ असं म्हटलं. टंडन यांना विचारलेले प्रश्न विचारण्याजोगे होते. तेच माप बाकीच्यांना लावलं का, हा प्रश्नही तितकाच विचारण्याजोगा होता. पण त्या दोघींचं काम, त्यांची मतं, त्यांची कागदपत्रं यावर आपल्या ग्रुपवर एक ओळही आल्याचं मला आठवत नाही. आडनाव पाहून आनंद होतो, मलाही होतो. तो आनंद खरा आहे. उद्या एखादं कुलकर्णी किंवा जाधव नाव त्या १५ मध्ये आलं तर मी रडेनसुद्धा. आणि त्याच दिवशी त्यांचं आर्थिक विवरणपत्र शोधून वाचायला बसेन.

एक बारीक गोष्ट. बेळगावचे आपले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून निवडून गेले, म्हणून बरेच जण अशा वेळी त्यांच्या कार्यालयाला लिहायचं सुचवतात. ते निवडून गेले ते हाउसवर, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर. मंत्र्यांच्या होकारात हाउसला मत नाही. तुमच्या राज्याचे दोन सिनेटर, तेवढेच.

त्यांना फोन करा. ईमेलपेक्षा फोन. कॅपिटॉलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१, राज्य सांगितलं की जोडून देतात. पलीकडे बहुधा विशी-बाविशीतलं कुणीतरी असतं. नाव आणि झिप कोड विचारतात, मग तुमचं म्हणणं लिहून घेतात. माझे उच्चार ऐकून कधीकधी पुन्हा सांगायला लावतात, मी पुन्हा सांगते. दोन मिनिटं लागतात. मी पक्षाबद्दल बोलत नाही. एवढंच विचारते: सुनावणीआधी एफबीआयचा अहवाल सिनेटरनी स्वतः वाचला आहे का? नीतिमत्ता कार्यालयाची कागदपत्रं समितीकडे आली आहेत का? उमेदवाराच्या इतिहासातल्या अमुक दोन वर्षांबद्दल सिनेटर विचारणार आहेत का? २०१७ साली शिक्षणमंत्री डिव्हॉस यांच्या वेळी स्विचबोर्ड तुंबला होता, आणि त्यांच्याच पक्षाच्या दोन सिनेटर्सनी विरोधात मत दिलं. उपाध्यक्षांना येऊन बरोबरी फोडावी लागली, मंत्र्याच्या नेमणुकीसाठी इतिहासात पहिल्यांदाच. त्या आठवड्यात मराठी उच्चारातले किती फोन गेले असतील, असं मनात येतं.

डिसेंबर २०२८ मध्ये मी एक यादी करणार आहे: कोणतं खातं कोणत्या समितीपुढे, समितीत कोणत्या राज्यांचे सिनेटर, सुनावणी कोणत्या तारखेला. तुमचं राज्य त्यात असेल तर तुमच्या फोनचं वजन जास्त. ज्यांना यादी हवी त्यांनी आपापल्या मंडळाच्या ग्रुपवर सांगून ठेवा, माझ्यापर्यंत निरोप येतो. टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिनातली मंडळी मला जास्त हवी आहेत, न्यू जर्सीचे आम्ही पुष्कळ आहोत.

आपली,
क्रेडेन्शियलिंगच्या टेबलावरची एक मराठी मतदार
एडिसन, न्यू जर्सी